तेलाचा तट आणि हुडहुडनाथाच्या शाली

एका राज्यात, बरं का मंडळी, तट दगडाचा नव्हता, तेलाचा होता. तेलाचे पुतळे दोन रांगांत उभे. एका रांगेची डोकी बाहेरच्या तळ्याकडे, दुसरीची आतल्या राज्याकडे, आणि दोन्हींच्या शेपट्या मध्ये एकमेकींना चिकटलेल्या. डोक्यांना पाण्याची भारी आवड, शेपट्यांना पाण्याचं नाव काढलेलं खपत नसे. पुतळे दिवसभर डुलत, जागा बदलत, पण तटाला फट म्हणून पडू देत नसत. चहूकडे तळं, तळ्यात हा गोल तट, आणि तटाच्या आत राजा मायाळसेन सुखानं राज्य करी.

त्या राज्यात ठिणगुले राहत. मोहरीएवढे, धगधगते, अंगात नुसती वळवळ. तेलाचा तट त्यांना दारात उभं करीत नसे. म्हणून रीत अशी होती, की रोज सकाळी तीन पैलवान तीन दारांशी बसायचे, भाजलेले हरभरे खायचे आणि एकेका ठिणगुल्याला उचलून बाहेर तळ्यात सोडायचे. दुपारपर्यंत बाहेर ही गर्दी! आत यायला सगळ्यांची झुंबड, आणि वाट मात्र एकच, तटात बसवलेलं चाक. ठिणगुला चाकाच्या खोबणीत बसला की चाक एक घर सरके. पुरता फेरा झाला की तो आत टुणकन उतरे. चाक फिरलं की खालच्या जात्यातून परातीत तेजपीठ पडे, पिवळंधमक. चिमूटभर खाल्लं तरी दिवसभराचं बळ. राज्यातले दिवे त्यावर, माग त्यावर, फार काय, राजाच्या मिशाही त्यावरच ताठ राहत.

चाकाची राखण भिवराबाई करी. बाई तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारखी. राजाची एकुलती एक लेक शेवंती लहानपणी ठिणगुल्यांबरोबर चाकात बसून गरगर फिरायची आणि भिवराबाईच्या शिव्या खायची. तीच शेवंती आता मोठी झाली, आणि तळ्यापलीकडच्या राज्याच्या राजपुत्राशी तिचं लग्न ठरलं. राजपुत्र तिनंच पसंत केला होता. सारं राज्य आनंदात होतं. राजा मात्र गच्चीवर एकटा बसून उसासे टाकत होता.

सकाळी त्यानं पाहिलं, पैलवान ठिणगुल्यांना बाहेर सोडत होते. तो कठड्याशी येऊन म्हणाला,

"अरेरे! सकाळी घालवायचं आणि संध्याकाळी आत घ्यायचं, हा कुठला न्याय? आपल्या माणसाला बाहेर धाडायचंच कशाला?"

बोलायला आणि हुडहुडनाथ यायला एकच गाठ पडली. हा मांत्रिक तटाखालच्या गारठलेल्या गुहेत राही. अंगावर सात घोंगड्या, तरी दात कडकडा वाजताहेत.

"म-महाराज," तो म्हणाला, "माझ्याकडे तेलशाली आहेत. ठिणगुल्यानं शाल पांघरली की तटाला तो आपलाच वाटतो. सरळ तटातून आत येतो. ना चाक, ना गर्दी, ना ताटातूट."

"मोबदला काय?"

"काही नको. फक्त थोडी ऊब."

आणि मग तो घोंगडीच्या आत पुटपुटला, "ज्याला धरून ठेवशील, त्याचं मीठ होईल." राजाला ते ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर त्यानं कान दिलाच नाही. घाई झाली होती ना!

झालं! दवंडी पिटली. पैलवानांना सुट्टी देऊन गावी धाडलं, ठिणगुल्यांना शाली वाटल्या. बाहेर होते तेवढे ठिणगुले तटातून सुळसुळ आत आले. चाकापाशी कुणी फिरकेना. चाक थांबलं. जी ताकद चाक फिरवायची, तिची नुसती वाफ झाली. राज्य तापलं. माणसं घामानं निथळू लागली, आणि हुडहुडनाथ तटावर बसून एकेक घोंगडी उतरवत "हाश्श!" म्हणू लागला.

आता पुढचं ऐका. तटाला एक खारदार होतं. त्याचा दारवान खंडोजी. चिमूटभर तेजपीठ तोंडात टाकलं की तो तीन खारोबांना बाहेर काढी आणि दोन राखोबांना आत घेई. पुन्हा चिमूट, पुन्हा तीन बाहेर, दोन आत. खारोबा मिठाचे, राखोबा राखेचे, दोघंही चिमुकले. खारोबा चोरवाटांनी कितीही आत शिरोत, खंडोजी त्यांना पुरून उरे. आता पीठच नाही, तर खंडोजी तरी काय करणार? बसला हात मांडीवर ठेवून. खारोबा आत साचले. त्यांच्या मागोमाग पाणी शिरलं. राजवाड्याच्या भिंती फुगल्या, दारं लागेनात.

आणि शेवंतीला हळद लावायला सुवासिनी जमल्या, तर तिचे पाय घोट्यापर्यंत मिठाचे झालेले.

राजानं टाहो फोडला. तेवढ्यात खिडकीत तांबट पक्षी येऊन बसला. हिरवा पोशाख, कपाळी लाल टिळा. "टुक, टुक! रडून काय होणार? मीठ आणखी वाढेल. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ते डोक्यापर्यंत चढेल, मग शेवंती कायमची मिठाची."

"पक्षिराज, उपाय सांगा."

"कामं तीन. पहिलं, ठिणगुल्यांच्या शाली उतरव. दुसरं, खारदार चालव. तिसरं, चाक फिरव. आणि ही तिन्ही स्वतः करायची. हुकूम सोडायचा नाही."

पहिल्या दिवशी राजा शाली ओढायला गेला. ओढतोय, ओढतोय, शाल काही निघेना. ठिणगुले हसून लोळायला लागले.

"ओढून नाही निघत ती," भिवराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्यांना विचारलंत का कधी, काय हवंय ते?"

राजा ओशाळला. गुडघ्यावर बसला आणि टिचकी नावाच्या ठिणगुलीला म्हणाला, "तुला काय हवंय, बाळ?"

"माझा फेरा!" टिचकी फणकारली. "शालीत नुसतं उकडतं. बाहेर गर्दीत ढकलाढकली करायची, नंबर लागला की चाकात बसायचं, गरगर फिरून घरी यायचं, केवढी मजा होती! तुम्ही ती बुडवलीत."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

असं म्हणायचा अवकाश, शाल आपसूक गळून पडली. राजानं दिवसभर एकेका ठिणगुल्याला विचारलं, आणि एकेकाची बोलणी खाल्ली. संध्याकाळी शालींचा ढीग पडला. शेवंती मात्र कमरेपर्यंत मिठाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी भिवराबाईनं जात्याच्या फटी झाडल्या. मूठभर तेजपीठ निघालं. "एवढंच आहे, महाराज. यावर चाक एक घरही सरकायचं नाही. खारदार मात्र दिवसभर चालेल."

राजा मूठ मिटून निघाला, तो पाय आपोआप लेकीच्या दालनाकडे वळले. मीठ तिच्या छातीपर्यंत आलं होतं. ओठ कोरडे पडले होते.

"शेवंते, आ कर. एवढं खा. निदान आजचा दिवस तरी तुला बरं वाटेल."

"आणि उद्या?" शेवंती म्हणाली. "आबासाहेब, ते खंडोजीला द्या."

"तू माझी एकुलती एक. माझा हात उचलत नाही गं."

"तुमचा हात कधीच उचलत नाही. म्हणून तर हे झालं." ती हसली. लहानपणी चाकात बसून हसायची, तशीच. "जा लवकर. मला माझ्या लग्नात नाचायचंय."

राजा रडत रडत खारदाराशी गेला आणि खंडोजीला चिमूट चिमूट भरवू लागला. खंडोजीच्या अंगात जीव आला. तीन खारोबा बाहेर, दोन राखोबा आत. तीन बाहेर, दोन आत. भिंतींची फुगी बसली, दारं लागू लागली. मीठ शेवंतीच्या गळ्याशी येऊन थबकलं. पण मूठ संपली, आणि दुसरा दिवसही संपला.

तिसऱ्या दिवशी राजानं मुकुट खुंटीला अडकवला, धोतराचा काचा मारला, खिशात भाजलेले हरभरे भरले आणि पैलवानाच्या जागी बसला. एक हरभरा खायचा, एक ठिणगुला उचलायचा, बाहेर सोडायचा. पहिले शंभर सोपे गेले. पुढे बाहेर गर्दी वाढली, ती आतून येणाऱ्याला उलट रेटू लागली. जितके जास्त बाहेर, तितका पुढचा बाहेर घालणं अवघड! राजाचे बाहू भरून आले, मिशा लोंबल्या. तांबट टुक टुक करून मोजत होता. भिवराबाई ओरडत होती, "हं महाराज! पाठीतून जोर काढा, पाठीतून!"

सूर्य कलला. शेवटी उरली टिचकी. राजानं तिला उचललं, हात दाराबाहेर काढला, आणि तसाच राहिला.

"जायचंय ना तुला?" त्यानं विचारलं.

"कधीचं जायचंय! पण महाराज, मी कुठे धरलंय? तुम्हीच धरलंय मला."

राजानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. खरंच की! त्यानं डोळे मिटले आणि बोटं उघडली. टिचकी "हुर्रर्र" करत तळ्यात पडली.

बाहेर आता पाय ठेवायला जागा नव्हती. आत एकही ठिणगुला नव्हता. तटाला शालीची वाट नाही, फट नाही. मग जायचं कुठून? एक ठिणगुला चाकात शिरला. चाक करकरलं. दुसरा शिरला, चाक एक घर सरकलं. तिसरा, चौथा, दहावा, आणि चाक असं गरगरलं की भिवराबाईचा पदर उडाला! परातीत तेजपीठ धो धो पडलं. खंडोजी मुठी मुठी खाऊन खारोबांना बाहेर भिरकावू लागला. शेवंतीचा गळा सुटला, कंबर सुटली, पाय सुटले. ती धावत चाकापाशी आली. राजानं तिचा उजवा हात घट्ट धरला, आणि काय सांगू, तेवढा हातच पुन्हा पांढरा पडू लागला!

"टुक," तांबट म्हणाला. "महाराज, अजून एक राहिलंय."

राजाला सगळं उमगलं. लेकीचा हात धरून तो मोठ्या दरवाजापर्यंत गेला. दाराबाहेर राजपुत्राची नाव थांबली होती. राजा खणखणीत आवाजात म्हणाला, "जा, बाळ. आणि लवकर ये."

त्यानं हात सोडला. मिठाची पापडी गळून खाली पडली. हात सोन्यासारखा पिवळा निघाला, हळदीचा.

मग तिथंच दारात लग्न असं झालं, की तेलाचे पुतळेसुद्धा रांगेत नाचले. हुडहुडनाथ पुन्हा सात घोंगड्यांत कुडकुडत बसला, तेव्हा राजाला त्याचीही दया आली. या खेपेला त्यानं आधी विचारलं, "नाथा, किती ऊब हवी?" मग गुहेच्या वर तटात एक छोटं दार पाडून दिलं. रोज थोडे ठिणगुले चाक सोडून त्या दारानं आत येतात, आणि नाथाची गुहा उबदार राहते. नाथ आता एकाच घोंगडीत राहतो आणि त्याचे दात वाजत नाहीत.

पैलवान गावाहून परतले, जुनी रीत पुन्हा सुरू झाली. राजा रोज सकाळी दाराशी उभा राहून ठिणगुल्यांना स्वतः निरोप देतो. एकदा चाकातून ओळखीचं हसू ऐकू आलं. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, ठिणगुल्यांच्या घोळक्यात बसून शेवंती गरगर फिरत माहेरी येत होती. राजा धावत सुटला, आणि भिवराबाईनं शिव्या घालत घालत जादा पडणाऱ्या पिठासाठी चाकाखाली दुसरी परात लावली.