कोरड्या हातांचं लोणचं

फार फार पूर्वी, समुद्राला अजून नाव पडलं नव्हतं तेव्हा, धुक्यात बुडालेलं एक बंदर होतं. तिथे गोमती नावाची विधवा राहायची. तिचा एकुलता एक लेक हिरू पहिल्यांदाच दूरच्या सफरीला निघाला होता. पौर्णिमेच्या भरतीला गलबत सुटणार होतं.

समुद्रावर ताजं काही मिळत नाही. भाताबरोबर खायला घरून भरून दिलेली बरणी, तेवढीच. ती नासली तर कोरडा भात गिळायचा, नाहीतर उपाशी निजायचं.

गोमतीनं कैऱ्या फोडल्या. मीठ-हळद चोळली. सुटलेलं पाणी निथळून टाकलं, फोडी कापडावर सुकवल्या. मोहरी, हिंग लावून ती बरणी भरायला बसली. पण दर फोडीला लेक आठवे आणि डोळे गळत. आसवं बरणीत पडली. तिनं पडू दिली.

"माझी मायाच जातेय त्याच्याबरोबर," ती म्हणाली. मग वर तेल ओतलं, फडकं बांधलं.

दुपारी बरणीशेजारीच तिचा डोळा लागला. धुकं हळूच घरात शिरलं. बरणी कुजबुजू लागली.

"बाई," मीठ म्हणालं, "कैरीचं पाणी मी ओढून घेतलं. तुझं कुठवर ओढू?"

"अरे, आसवंही खारटच की. तुझीच सोयरी."

"सोयरी खरी, पण घर बुडवणारी."

हळद म्हणाली, "आम्ही राखणदार. पण तूच दार उघडं टाकलंस, तर आम्ही काय राखायचं?"

गोमती दचकून उठली. फडकं सोडलं. वास अजून आला नव्हता, पण येणार हे तिला कळलं. तिनं बरणी परसात उपडी केली.

शेजारीण ओरडली, "अगं, एवढं लोणचं टाकतेस? डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलं होतं. आता ठिकाणावर आलं."

झाडावर शेवटच्या थोड्या कैऱ्या होत्या. त्या नासल्या तर दुसऱ्या नव्हत्या. गोमतीनं डोळे पुसले, हात पुसले, बरणी उन्हात तापवली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला घेतलं.

हिरू जवळ येऊन बसला. "आये, मी चाललो, तरी तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही?"

"हात गुंतलेत. सरक तिकडे, न्हाऊन आलायस, पाणी उडेल."

हिरू रुसला. पौर्णिमेला बरणी घेऊन गलबतावर चढताना त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. ते तिला फार लागलं.

भर समुद्रात वारा पडला. गलबत धुक्यात अडकून राहिलं. पावसाआधी येणारी माणसं पाऊस सरल्यावर आली, वाळलेली, पण जिवंत.

"आये," हिरू म्हणाला, "बाकीच्यांच्या बरण्यांना बुरशी आली. शेवटी तुझ्या बरणीवरच सगळ्यांच्या घशाखाली भात उतरला. काय घातलं होतंस?"

"मीठ, हळद, मोहरी, हिंग. वर तेल."

"एवढंच?"

"एवढंच. जेवायला बस."

ध्यानात ठेवा: जे टिकवायचं त्याला मीठ लागतं आणि कोरडा हात लागतो, नुसत्या मायेनं काही टिकत नाही.