सशिणीचं गाजर

रान नवं होतं तेव्हाची गोष्ट. पंचायतीने पिल्लांसाठी शेतीचं प्रदर्शन भरवलं. अट एकच, पीक पिल्लानेच काढायचं. पण सशिणीला धीर कुठला! लेकराचं गाजर वाकडं निघालं म्हणून तिने आपलंच सरळसोट गाजर मांडलं.

त्यालाच पहिला नंबर मिळाला. सरपंच हत्तीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "कसं रे पिकवलंस, बाळा?"

"आईला विचारा," पिल्लू म्हणालं. "माझं घरी आहे. खाली दगड लागला ना, मग ते वळसा घालून वाढलं!"

हसत हसत हत्तीणबाईंनी पदक सशिणीच्या गळ्यात घातलं आणि तिला पिल्लांच्या रांगेत बसवलं. सशिणीने मान खाली घातली.

इतक्यात पिल्लू घरून आपलं वाकडं गाजर मिरवत आलं. पहिली टाळी पिल्लांच्या रांगेतूनच पडली, पदकवालीची.