पहिल्या गल्लीतला अल्फा

ढगांच्या उशाशी वसलेल्या मेघपुरात दुपारसुद्धा अर्धवट झोपेत असायची. तिथल्या दरबारात हेमांगी नावाच्या विदुषीने सांगितलं, "महाराज, काही दगडांतून तीन प्रकारचे किरण निघतात. अल्फा वजनदार, पण साध्या कागदाशी अडतो. बीटाला पातळ पत्रा अडवतो. गॅमाला वजनच नाही. ती भिंतीपार जाते. तिला थोपवायला जाड शिसंच लागतं."

सेनापती व्याघ्रराव गरजले, "वजनदार मागे आणि बिनवजनाची पुढे? सिद्ध कर, नाहीतर राज्य सोड!"

"मग आपण बाजारातून वेशीपर्यंत चालून दाखवा. माझी मोलकरीण सोनीही निघेल."

धुक्यातून दोघं निघाले. मुजरा न करणाऱ्याला थांबवून मुजरा करायला लावायचा, हा सेनापतींचा शिरस्ता. सोनी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. ती वेशीला हात लावून परतली, तेव्हा सेनापती पहिल्याच गल्लीत एका गाढववाल्याशी भांडत होते.

सज्जातून पाहणाऱ्या राजाला हेमांगी खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अल्फाचंही असंच होतं, महाराज. भेटेल त्याला धक्के देत निघतो आणि कागदापाशीच दमतो."

"मी दमलेलो नाही!" असं सेनापतींना खालून ओरडायचं होतं. पण भांडून भांडून त्यांचा आवाजच बसला होता.