कुसरीवरचा तांबेरा

एकदा एका डोंगरगावात झाडपाल्याचं औषध देणारी एक म्हातारी राहत होती. तिची सून हीच तिची शिष्या. सहा वर्षं सासूच्या मागे रान तुडवून सुनेनं पानं ओळखली, मुळं ओळखली, साली ओळखल्या; पण एकटीनं औषध काढायला जायची मुभा तिला नव्हती. सासू आपला कोयता ज्या दिवशी सुनेच्या हाती देईल, त्या दिवसापासून ती औषधवाली, अशी त्या घराची रीत. अक्षय तृतीयेला देईन, असं म्हातारी म्हणाली होती, आणि सून दिवस मोजत होती.

आपण त्याला पात्र आहोत, याची तिला खात्री होती. गेल्या श्रावणात गावात हगवणीची साथ आली, तेव्हा सासू तापानं अंथरुणाला खिळलेली. सून कुणाला न विचारता एकटी रानात गेली, पाटीभर कुड्याची साल घेऊन आली आणि काढा करून घरोघर पाजला. सगळी माणसं उठून बसली. गावानं तिचं कौतुक केलं. सासू मात्र चकार शब्द बोलली नव्हती.

तृतीयेच्या सकाळी म्हातारीनं कोयता कमरेला खोवला आणि सुनेला घेऊन रानात निघाली. कुसरीच्या रानवेली फुलल्या होत्या. पांढऱ्या फुलांच्या वासानं वाट भरून गेली होती. एका वेलीपाशी म्हातारी थांबली. वेलीचे दोन-तीन शेंडे सुजून वाकडेतिकडे झाले होते आणि त्यांच्यावर नारिंगी पूड साचली होती. म्हातारीनं चपला काढल्या, हात जोडले.

सून बघतच राहिली. "आत्याबाई, तांबेऱ्याला हात जोडता? रोग आहे तो. द्या कोयता, छाटून टाकते."

"कोयत्याची भारी घाई गं तुला! आधी सांग, वेलीला फुलं कमी आहेत का?"

"कमी नाहीत. पण चोर तो चोरच की."

"चोरच. पण काय अक्कल आहे चोराला! तू माप ओलांडून या घरात आलीस, त्याच्या आधीपासून मी याला याच वेलीवर बघते आहे. याला डोळे नाहीत, हात नाहीत, गुरू नाही. पण वाळलेल्या फांदीवर आपलं पोट भरत नाही, हे याच्या अंगातच आहे. म्हणून दोन शेंडे खातो आणि बाकीची वेल फुलू देतो. चल, आता माणसाची करणी बघू."

खालच्या उताराला कुड्याची झाडं पांढऱ्या फुलांनी डवरली होती. मधलं एकच झाड वाळून उघडंबोडकं उभं होतं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, चहूबाजूंनी, त्याची साल सोललेली. घावांवरून सुनेनं स्वतःचाच हात ओळखला.

"माणसं जगली, आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली.

"जगली. तुझ्या हाताला गुण आहे, ते मी नाही म्हणत नाही. पण पाचसहा झाडांची एकेका बाजूनं वीतवीत साल घेतली असतीस, तरी माणसं जगलीच असती, आणि हे झाडही. साथ काय पुन्हा यायची नाही?"

म्हातारीनं कोयता पुढे धरला. सुनेनं हात मागे घेतला. "राहू द्या. पुढच्या तृतीयेला बघा."

ती खाली बसली, वाळकी पानं बाजूला करू लागली. वाळल्या झाडाच्या बुडाशी करंगळीएवढा एक कोंब फुटलेला दिसला. ती एकदम उठली आणि शेजारच्या करवंदीच्या जाळीत शिरून काटेरी फांद्या ओढू लागली. शेळ्यांनी कोंब खाल्ला, तर सगळंच संपलं असतं.

"अगं, काट्या काय दातांनी तोडणार?" म्हातारी हसली. "धर."

सुनेनं कोयता घेतला. कोंबाभोवती दाट कुंपण झालं, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काटे रुतलेल्या हातांनी ती कोयता परत देऊ लागली.

"राहू दे तुझ्याकडेच," म्हातारी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

कुसरीपाशी आल्यावर मागची पावलं थांबली. चपला काढल्याचा आवाज म्हातारीनं ऐकला. पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.