विहिरीच्या रेघा

फार जुन्या काळी, अवजारं बोलायची तेव्हा, मृग लागताच एक तिफण पेरणीला निघाली. टोपलीत घरातलं शेवटचं बियाणं होतं.

वाटेतली विहीर म्हणाली, "थांब गं. दर नक्षत्राला पाणी कुठवर चढलं, त्याची रेघ माझ्या दगडांवर आहे. हल्ली मृगाचा पाऊस भुलवून जातो. खरा येतो आर्द्रात."

"खड्ड्यात बसून तू आभाळ सांगणार?" तिफण हसली. "माझी आजीसुद्धा मृगावरच पेरायची."

तेवढ्यात टोपलीतून बारीक आवाज आला, "तिफणताई, आम्हांला एकदाच उगवता येतं."

तिफण थबकली. काठावरून वाकून तिनं पाहिलं. खाली निळं आभाळ हलत होतं आणि भोवती सगळी वर्षं रेघारेघांनी उभी होती. ती एकेक रेघ वाचू लागली, तसं टोपलीतलं बियाणं निश्चिंत झोपी गेलं.