मधले अकरा नमुने

एकदा एका वृद्ध भूशास्त्रज्ञाकडे त्यांचा लाडका शिष्य आपला प्रबंध वाचून दाखवायला आला. आचार्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, देहही थकला होता. नदीच्या दोन तीरांवरच्या डोंगरांतले चुनखडकाचे कोणते थर एकाच काळातले, याविषयी त्यांच्या गुरूंचे एक मत होते. ते आचार्यांनी तीस वर्षांपूर्वी कार्बनच्या पुराव्याने पक्के केले, आणि त्यावरच त्यांचे नाव झाले.

चुनखडकाचा थर बसताना त्या वेळच्या समुद्रातल्या हलक्या आणि जड कार्बनचे प्रमाण त्यात टिकून राहते. ते दोन्हीकडे एकाच रीतीने घसरलेले दिसले, की ते थर समकालीन मानतात. आचार्यांनी दोन्ही डोंगरांतली एकेक घसरण दाखवून जुळवली होती. शिष्याला मात्र पश्चिमेच्या डोंगरात आणखी खाली दुसरी, अधिक खोल घसरण मिळाली. पूर्वेकडच्या घसरणीची खरी जोडी हीच होती. आचार्यांची जुळणी साफ चुकली होती. शिष्य तसा प्रामाणिक, पण मायेपोटी माणूस काय करील याचा नेम नाही. मरणाच्या दारातल्या गुरूंना हे सांगायची त्याची छाती झाली नाही. ती घसरण दाखवणारे अकरा नमुने त्याने प्रबंधातून गाळून टाकले.

वाचन चालू असताना आचार्यांनी हात वर केला. चाळिसाव्या नमुन्यानंतर एकदम बावन्नावा कसा, असे त्यांनी विचारले.

“मधले खराब निघाले, सर,” मान खाली घालून शिष्य म्हणाला.

भिंत चाचपत आचार्य उठले, दोन्ही डोंगरांचे थर जुळवून दाखवणारा आपला जुना तक्ता खिळ्यावरून उतरवला आणि कात्रीने दोन डोंगरांच्या मधोमध उभा कापला. तो तक्ता टिकावा म्हणूनच तर शिष्य खोटे बोलला होता.

“मीही माझ्या सरांना हेच सांगितलं होतं,” आचार्य म्हणाले. “मलाही त्या थरांत आकडे घसरलेलेच मिळाले होते. पण सरांचं मत खोटं पडत होतं, आणि ते आजारी होते. म्हटलं, ते गेल्यावर दुरुस्त करू. ते गेले. तोवर तेच माझं नाव झालं होतं, मग धीरच झाला नाही. तुझंही असंच होईल बाबा. वाच ते अकरा.”

शिष्याला स्वतःची शरम वाटली आणि त्यांची कणवही आली. वही काढून तो वाचू लागला. सहावा आकडा वाचून त्याने वही खाली ठेवली. उरलेले पाच आचार्यांनीच सांगितले. दशांशाच्या थोड्या फरकाने ते बरोबर होते.