मैदान झाडणारी खार

माणसं या रानात यायच्या आधी इथे दरवर्षी ससे आणि माकडं कवठाने फुटबॉल खेळत. हरलेल्यांच्या पाठीराख्यांनी मग वर्षभर मैदान झाडायचं, असा रिवाज होता. सशांची पाठीराखी खार सात वर्षं शेपटीने पालापाचोळा लोटत होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी माकडांचा पाठीराखा कावळा ओरडला, "गेल्या वर्षी पाच गोल खाल्लेत! उद्या कशाला तोंड दाखवता?"

"त्याआधी सहा खाल्ले, तेही सांग की!" खार उसळून म्हणाली. "पण या मैदानात खड्डा कुठे, उतार कुठे, हे तुमच्यातल्या एकाला तरी ठाऊक आहे? मी सशांना इंच न् इंच दाखवलाय. उद्या ये. तुझी शेपटी काही कामाची नाही, तेव्हा येताना झाडू घेऊन ये."